कापलेलं पाकीट

सकाळचे साडेसहा वाजलेत. हुलसूरच्या बसथांब्यावर डिसेंबरचं धुकं अजून विजेच्या तारांना धरून आहे. टपरीवर पहिला चहा उतू जातो, टपरीवाला कन्नडमध्ये स्टोव्हवर चिडतो, गिऱ्हाईक मराठीत चहा मागतं आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब दखनीत होतो. आत्या म्हणते, हितला माणूस तीन भाषेत उधारी मागतो.

मी पिशव्या बघतोय. बाजाराला निघालेल्या माणसाची पिशवी मोकळी असते, खांद्यावर लोंबते. दवाखान्याला निघालेल्याची पिशवी ताठ असते. आत फाइल असते, एक्स-रेचा मोठा लिफाफा असतो आणि वर फडक्यात बांधलेली भाकरी. थांब्यावर चौदा माणसं आहेत. ताठ पिशव्या नऊ.

माझ्या शेजारी कट्ट्यावर एक नवरा-बायको बसलेत. त्याच्या डाव्या हातावरची शीर दोरखंडासारखी फुगून वर आलीय. बायको मुद्दाम त्याच बाजूला बसलीय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का स्वतःच्या खांद्यावर झेलतेय.

"ह्यांच्या हाताला लागू देऊ नगा," ती मला सांगते. "आठवड्यातून दोनदा मशीनवर असत्यात."

डायलिसिस हा शब्द ती उच्चारत नाही. घरात एखादं जनावर बांधलेलं असावं आणि त्याला वेळेवर चारा-पाणी करावं लागावं, तसं ती 'मशीन' म्हणते. मी विचारतो, पैसे तर लागत नाहीत ना? २०१६ साली केंद्रानं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून सरकारी दवाखान्यात गरिबाला ते फुकट मिळतं.

"मशीनला न्हाई लागत," ती म्हणते आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवते. रक्त वाढायचं इंजेक्शन, कधी आत मिळतं, कधी बाहेरून आणावं लागतं. महिन्याच्या महिन्याला रक्ताच्या तपासण्या. जाताना तिला तिकीट नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत आहे. त्याला मात्र तिकीट आहे. आणि परत येताना, मशीनवरून उठलेल्या माणसाला उभं राहवत नाही. बसमध्ये जागा मिळाली नाही की जीप करावी लागते. दोघांचा दुपारचा खाना. "सात-आठ हजार कुठं जातेत कळत न्हाई बगा महिन्याला."

पोरगा काय करतो? हैदराबादला कामाला होता. बापासाठी काम सोडून आलाय, आता गावातच मिळंल ते करतो. त्याचा बुडालेला पगार ती पेरांवर धरत नाही. अंगठा त्याच्यापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.

नवरा एवढा वेळ टपरीकडं बघत होता. तो पहिल्यांदाच बोलतो, "पानी पिऊ देत न्हाईत. मोजून देतेत." जरा वेळानं म्हणतो, "आमच्या बोअरला चांगलं पानी लागलंय औंदा."

बसवकल्याणची गाडी येते. बायको आधी चढते, दोन्ही हातांनी वाट करते, मग त्याला वर घेते. काचेतून तिचा खांदा दिसत राहतो, हाताच्या बाजूला.

मी आत्याकडं आलोय. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी निलंगा आणि हा सगळा मुलूख हैदराबाद राज्याच्या एकाच बिदर जिल्ह्यात होता. राज्यांची वाटणी झाली तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याणकडचा भाग म्हैसूरला जोडला. हुलसूर आधी बसवकल्याण तालुक्यातलं गाव होतं, २०१८ साली ते स्वतःच तालुका झालं. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. आत्या इथं दिली गेली तेव्हा ती दुसऱ्या राज्यात चाललीय असं आजोबांच्या मनातही आलं नसेल. ते तिला कळलं छातीत दुखायला लागलं तेव्हा.

गेल्या वर्षीची गोष्ट. लातूर आम्हाला सोयीचं, म्हणून मी तिला तिथल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच शहरात माझ्या वडिलांना दोन स्टेंट बसवले होते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, आणि आम्ही फक्त डब्याचा आणि राहण्याचा खर्च केला होता. आत्याचं कर्नाटकाचं कार्ड मी त्याच विश्वासानं खिडकीतून आत सरकवलं. ते परत आलं. हे इथं चालणार नाही, आधी तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणा. आत्या स्ट्रेचरवर होती. एकाच आईची दोन लेकरं, एकाच आजाराची, एकाच शहरात, आणि मधे सत्तर वर्षांपूर्वी ओढलेली एक रेघ. तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. आत्याच्या पाटल्या अजून गहाण आहेत. ती आजही हात पदराखाली धरते. मला ते दर वेळी दिसतं आणि दर वेळी त्या खिडकीचा राग येतो.

नऊ वाजता आम्ही चौकातल्या मेडिकलवर जातो. काउंटरवर काचेच्या खाली देवाचा फोटो आणि त्याच्या शेजारी कात्री. मी सुरुवातीला तिकडं लक्ष देत नाही.

समोरचा माणूस चिठ्ठी देतो. दुकानदार तीन पाकिटं काढतो, बेरीज सांगतो. माणूस खिशात हात घालून तसाच उभा राहतो. दुकानदाराला पुढचं विचारावं लागत नाही. तो कात्री उचलतो, दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार कापतो, दुसऱ्यातून चार, तिसरं पाकीट परत कप्प्यात ठेवतो.

"ते तिसरं कशाचं होतं?" मी नंतर विचारतो.

"तेच मेन होतं," तो म्हणतो. "पन ते महाग हाय. लोक स्वस्तातलं घेतेत आन् महागातलं ठेवतेत."

तासाभरात तो अकरा वेळा कात्री चालवतो. पूर्ण पाकीट दोघंच घेतात. त्यातले एक मास्तर आहेत. दुकानदार वाईट माणूस नाही. त्याच्या वहीत उधारीची पानं आहेत, सोयाबीन विकल्यावर फिटायची, आणि सोयाबीनला २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर असला तरी अडतीवर तो लागत नाही हे त्याला शेतकऱ्याइतकंच माहीत आहे. तो मला दर कसे चढले ते सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारी नियंत्रणाच्या यादीतल्या औषधांना १०.७७ टक्क्यांची वाढ मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये लगेच १२.१२ टक्क्यांची. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहेच. २०२५ च्या सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी बारावरून पाचावर आला, तेव्हा काही दिवस गिऱ्हाइकांनी विचारलं, मग विचारायचं बंद केलं. "पाकिटामागं चार-सहा रुपये कमी झाले. ज्याला चारच गोळ्या न्यायच्यात त्याला किती समजनार?"

आत्या पुढं होते. शुगरच्या दहा, बीपीच्या दहा. मी म्हणतो, महिन्याच्या घेऊ, मी देतो. ती माझ्याकडं न बघता दुकानदाराला म्हणते, "धाच दे बाबा." मी तिला जन औषधीच्या दुकानाबद्दल सांगून बघतो. तीच गोळी, नाव वेगळं, किंमत कितीतरी कमी. तिला ते ठाऊक आहे. मागं एकदा शेजारच्या पोरानं आणून दिल्या होत्या. पण रंग वेगळा निघाला. आत्याला कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही. ती गोळ्या रंगावरून ओळखते. पांढरी चपटी शुगरची, गुलाबी बारीक बीपीची. रंग बदलला की तिच्या हातातून औषध जातं.

मेडिकलच्या पलीकडं कम्प्युटरवाल्या पोराचं दुकान आहे. तिथं कार्डांची गर्दी. एक म्हातारे आबा आधार आणि रेशनकार्ड घेऊन तिसऱ्यांदा आलेत. आधारवर नावाच्या शेवटी 'राव' आहे, रेशनकार्डावर नाही, आणि मराठी आडनाव कन्नडमध्ये चढताना एक अक्षर बदललंय. पोरगा स्क्रीनवर बोट ठेवून समजावतो. आबांना अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत.

"ती महाराष्ट्राची योजना आपल्याला हाय म्हनं," आबा मधेच विचारतात.

हे ते ऐकून आहेत आणि ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून ज्या सीमाभागाचा दावा चालू आहे, त्यातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं फुले योजना लागू केली. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली गावंही त्या यादीत आहेत. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी विरोध केला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणं झालं. आबांना त्या बोलण्यातलं एकच हवं आहे: कोणत्या दवाखान्यात कोणता कागद दाखवायचा. पोरगा म्हणतो, "यादी बगावी लागंल आबा. आधी हे नाव सरळ करू."

कर्नाटकाची योजनाही लहान नाही. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक २०१८ पासून आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. एपीएलवाल्याला पॅकेजच्या तीस टक्के. सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांसाठी २००३ साली सुरू झालेली यशस्विनी मधे बंद झाली होती, ती २०२३ पासून पुन्हा चालू झालीय. देशाचा हिशेब बघितला तर आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ झाला. ही घट खोटी नाही. माझे वडील त्या घटीमुळं आज शेतात जाताहेत, आणि मी ते विसरू शकत नाही.

पण या योजना खाटेवर पडलेल्या माणसासाठी आहेत. दवाखान्यात भरती झालं, ऑपरेशन झालं, की कार्ड उठून उभं राहतं. माणूस चालता-फिरता आजारी असेल, रोज दोन गोळ्या, तीन महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा सोनोग्राफी, तर कार्ड पिशवीतच राहतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, संपल्या की मेडिकल. त्या गोळ्या चुकल्या म्हणजेच माणूस खाटेवर येतो. मग त्याच्यावर लाखभर खर्च करायला सगळे तयार असतात. महिन्याच्या काही शेकड्यांसाठी कुणीच नसतं. आबांना मी हे सांगत नाही. ते कागद पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, वर रबर चढवतात आणि "उद्या येतो" म्हणून निघतात.

दुपारी आत्याच्या घरी. ओसरीवर तुरीचा पाला पडलाय. आत्या फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढते. आत सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांतले उरलेले पैसे एका चिंधीत, पाटल्यांची पावती दुसऱ्या चिंधीत, आणि तळाशी गोळ्या. कापलेली पाकिटं. कात्रीनं कापताना नाव गेलंय, तारीख गेलीय. एका तुकड्यावर तीन अक्षरं उरलीत, ती कोणत्याही गोळीची असू शकतात.

मी मोजायला लागतो. मागच्या खेपेला मी स्वतः तीस-तीस आणून दिल्या होत्या. आजच्या धरून किती उरायला पाहिजेत ते मनात मांडतो. जास्त भरतात. बऱ्याच जास्त.

"आत्या, गोळ्या रोज घेतीस ना?"

"घेते की."

"मग ह्या कशा उरल्या?"

ती सुपातली तूर पाखडत राहते. "उपासाला घेत न्हाई. शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली की चक्कर येती. डाक्टरच म्हनलाय."

ते बरोबर आहे. आत्या सोमवार धरते, लहानपणापासून बघतोय. पण सोमवारानं हिशेब लागत नाही. मी बोलत नाही. मग तीच सांगते, सुपाकडं बघत. गुरुवार धरलाय. शनिवारही. एकादशी आहेच. आणि बीपीची गुलाबी गोळी? तिला उपाशीपोटाचं काय? "तिलाबी उपासच," आत्या म्हणते. "एकीला ठिवायचा आन् एकीला न्हाई, असं कसं."

देवाचं नाव घेऊन तिनं गोळ्या वाचवल्यात, आणि हे तिनं स्वतःला देवाचंच म्हणून सांगितलंय, इतकं की आता तिला त्यात फरक दिसत नाही. मला काय बोलावं ते सुचत नाही. मी तिच्या हातातलं सूप घेतो आणि पाखडायला लागतो. मला नीट येत नाही. तूर खाली सांडते.

दारात शेजारची पोरगी येते. आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या हातात स्टीलची वाटी आहे, वर पालथा तळहात. "आजीनं दिलंय," ती म्हणते आणि वाटी पुढं करते.

मला वाटतं साखर असेल, चहाची पूड असेल. आत्या वाटीत बघते. आत दोन गुलाबी गोळ्या आहेत, बारीक, पाकिटातून काढलेल्या.

"परवा उसन्या नेल्या होत्या," आत्या मला सांगते. ती एक एक गोळी बोटावर घेऊन उजेडात रंग बघते, मग डब्यात टाकते, आणि वाटी रिकामी कशी पाठवायची म्हणून तिच्यात मूठभर तूर घालते.