स्वस्त रॅम आणि खानदेशी ऊन

थंडीची लाट आली की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हवामान केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते. मे महिन्यात तेच धुळे ४२-४३ अंशांवर असतं, जळगाव-भुसावळ ४५ला टेकलेलं असतं. वर्षभरात जवळजवळ चाळीस अंशांचा फरक. माणसं डोक्याला रुमाल बांधतात, दुपारी घराबाहेर पडत नाहीत. घरातल्या कॉम्प्युटरला ती सोय नाही, आणि त्यातही तो ओव्हरक्लॉक केलेला (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला), स्वस्तातली रॅम बसवलेला असेल तर डिसेंबरात गुण्यागोविंदाने चाललेला पीसी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास निळा पडदा दाखवायला लागतो. मग विंडोज पुन्हा टाकली जाते, व्हायरसला शिव्या दिल्या जातात, एसएमपीएस बदलला जातो. रॅमवर संशय सगळ्यात शेवटी येतो.

ही रॅम घेणारी पोरं कोण? जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली, धुळ्यातल्या एसएसव्हीपीएसची, शिरपूरच्या आर. सी. पटेलमधली, शिवाय लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, डीटीपीवाले. ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत म्हणून रायझन ५ ५६००जी सारखा, चित्र स्वतःच काढणारा प्रोसेसर घ्यायचा आणि वेग रॅममधून वसूल करायचा, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. अशा प्रोसेसरला ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, तो मुख्य रॅमच वापरतो. त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक लावण्यापेक्षा ८-८च्या दोन लावल्या की मेमरीकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. त्यावर ३२००ची रॅम ३६००वर पळवली तर आणखी थोडं हाती लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला मात्र हा शेवटचा खटाटोप दोन-चार टक्क्यांच्या वर फारसं काही देत नाही. एवढ्यासाठी जीव टाकू नये, असं माझं मत आहे. पण हौसेला कोण अडवणार?

हौस करण्याआधी बोर्ड बघावा. एएमडीच्या बी४५०, बी५५०वर रॅमचा वेग वाढवता येतो. इंटेलमध्ये बी मालिकेच्या बोर्डांना ही मुभा २०२१च्या बी५६०पासून मिळाली. एच६१०सारख्या स्वस्त बोर्डावर महागडी रॅम लावली तरी ती ठरावीक वेगापुढे जात नाही. तिथे जास्तीचे पैसे पाण्यात.

आता बाजार. जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोड आणि त्याच्या आजूबाजूच्या, नावाऐवजी नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. पाकीटबंद माल मिळतोच. खरा भाव होतो तो जुन्या मालाचा. कंपन्यांची ऑफिसं मोठ्या शहरांत कॉम्प्युटर बदलतात, त्यातून काढलेल्या स्टिका मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून गावोगाव पोचतात. काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो.

"भाऊ, वॉरंटी?"

"टेस्टिंग वॉरंटी. आठ दिवस."

"चेक करून द्याल का?"

दुकानदार स्टिक बोर्डात खोचतो, स्क्रीनवर विंडोजचं चिन्ह येतं, तो म्हणतो, "झाली ना चालू?" चालू झाली हे खरं. पण विंडोज सुरू होताना रॅमचा एक कोपराच वापरला जातो. उरलेल्या अब्जावधी घरांत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या खणांत, काय आहे ते त्या अर्ध्या मिनिटात कळत नाही.

स्वस्त म्हणजे वाईटच असं नाही, आणि इथे थोडं मुळाशी जावं लागतं. रॅमच्या पाकिटावर नावं डझनभर दिसली तरी आतली चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन या तिघांपैकी एकाची असते. बाकीचे त्या चिपा विकत घेतात, पट्टीवर बसवतात आणि वर रंगीत पत्रा चिकटवतात. कारखान्यात चिपांची प्रतवारी होते. वेगात पहिली आलेली महागड्या पट्टीवर जाते, मागे राहिलेली स्वस्त पट्टीवर. मायक्रॉनचा तर स्पेकटेक नावाचा वेगळा विभागच आहे, खालच्या प्रतीच्या चिपांसाठी. अशी चिप तिच्यासाठी ठरवलेल्या वेगाला वर्षानुवर्षं चालते. तिला पहिल्या नंबराच्या चिपेच्या वेगाने पळवायला गेलं की रडगाणं सुरू होतं.

दुकानात 'ही पण ३२००, ती पण ३२००' असं सांगून दोन पट्ट्या समोर ठेवतात, तेव्हा सीएलचा आकडा विचारा. ३२००ला सीएल १६ असेल तर मागितलेला पहिला डेटा यायला १० नॅनोसेकंद लागतात. सीएल २२ असेल तर १३.७५. वेग सारखा लिहिलेला, चाल वेगळी. ३६००ला सीएल १८ म्हणजे पुन्हा १०च. गणित सोपं आहे: सीएलला २०००ने गुणा, वेगाने भागा.

नकली मालही आहे. पत्र्याखाली काय आहे ते दिसत नाही, वरचं लेबल छापायला खर्च येत नाही. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या पट्टीची जन्मपत्रिका लिहिलेली असते: बनवणारा, क्षमता, वेग, तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर ती वाचता येते. लेबल एक सांगतंय आणि पत्रिका दुसरंच, असं दिसलं तर पट्टी तिथेच परत करावी. पत्रिकाही बदलता येते, म्हणून उघड्या चिपांची पट्टी मला पत्रेवालीपेक्षा बरी वाटते. चिपेवरचा नंबर 'के४ए'ने सुरू झाला तर सॅमसंगची डीडीआर४, 'एच५ए'ने झाला तर हायनिक्सची; मायक्रॉनच्या चिपेवर 'डी९'ने सुरू होणारी पाच अक्षरांची खूण असते.

आता उन्हाकडे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८मध्ये ज्या मेमरीचं पेटंट मिळालं, तिच्यातलं एकेक घर म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा आहे, सतत भरत राहिलं तरच भरलेला दिसतो. म्हणून डीडीआर४मध्ये प्रत्येक घर ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भरलं जातं, आणि चिपेचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर तेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावं असा नियम आहे. नियम करणाऱ्यांना माहीत होतं की उष्णता वाढली की गळती वाढते.

सगळी घरं सारखी गळत नाहीत. अब्जावधींत काही मुळातच कच्ची असतात. ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या व्होल्टेजला ती निभावून नेतात, कारण कारखान्याने थोडी सैल जागा ठेवलेली असते. ओव्हरक्लॉक करणारा नेमकी हीच सैल जागा खाऊन टाकतो. बायॉसमध्ये टीरेफी नावाची एक नोंद असते, म्हणजे घरांचा एक गट भरला की पुढचा गट भरेपर्यंतचं अंतर. साधारण ७.८ मायक्रोसेकंदांचं हे अंतर वाढवलं की रॅमला भरण्यात कमी वेळ घालवावा लागतो आणि वेग सुधारतो. डिसेंबरात हा डाव साधतो. मेच्या दुपारी खोलीत ४०, कॅबिनेटमध्ये पन्नासच्या आसपास, शेजारी तापलेलं ग्राफिक्स कार्ड असेल तर पट्टी साठीच्या घरात जाते, आणि कच्ची घरं भरण्याआधीच रिकामी होतात. ओव्हरक्लॉकवाल्यांची लाडकी सॅमसंग बी-डाय चिपसुद्धा घट्ट टायमिंगला पन्नाशी ओलांडली की चुका करायला लागते, असा जगभरच्या हौशी लोकांचा अनुभव आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या मेमरीचा मोठा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका सापडल्या, पण तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. मग आम्ही उन्हाच्या नावाने का ओरडतो? ते सर्व्हर थंड हवेच्या बंदोबस्तात आणि ठरलेल्या वेगाला चालणारे होते. त्यांची सैल जागा कुणी खाल्लेली नव्हती.

एका बिटच्या चुकीने काय बिघडतं? युनिकोडमध्ये मराठी १ आणि ९ या आकड्यांत एकाच बिटचा फरक आहे. केळीच्या गाडीच्या हिशेबात १,२०० लिहिलेले असतील, तो एक बिट उलटला आणि फाइल तशीच सेव्ह झाली, तर ९,२०० होतात. पडदा निळा होत नाही, आवाज येत नाही. निळा पडदा आला तर उलट बरं, निदान कळतं तरी.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ यांपैकी एक पेनड्राइव्हवर घ्यावं. दोन्ही फुकट मिळतात. विंडोज सुरू व्हायच्या आधीच ते चालतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात असते. आधी एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या वाढीव वेगाने चालवणारी बायॉसमधली नोंद) बंद ठेवून, रॅमच्या मूळ वेगाला चालवायचं. इथे एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी सदोष, वाद घालायचं कारण नाही. त्या ओळीत कुठल्या पत्त्यावर चूक झाली, काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं, ते समोरासमोर दिसतं. बहुतेक वेळा दोन्ही आकडे सारखेच भासतात, एखादं अक्षर तेवढं वेगळं. तेच ते कच्चं घर. मोबाइलने फोटो काढून ठेवावा, दुकानात तोंडी सांगण्यापेक्षा तो जास्त बोलतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून लावून बघावं, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. पट्टी काढलीच आहे तर पीसी बंद असताना तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून घ्यावी. काही 'मेलेल्या' रॅम तेवढ्यानेही उठतात.

मूळ वेगाला पास झाली की एक्सएमपी चालू करून पुन्हा तीच परीक्षा. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी. वेग वाढवायचा तो एकेक पायरीने, आणि प्रत्येक पायरीला परीक्षा. परीक्षा मध्येच लाइट जाऊन तुटू नये म्हणून इन्व्हर्टर हवा.

सगळीकडे सल्ला देतात की ही तपासणी रात्री लावून झोपावं. आपल्याकडे तो उलटा पडतो, कारण रात्र हीच दिवसातली सगळ्यात सोपी वेळ. खानदेशात परीक्षा दुपारी दोन ते पाच, कॅबिनेटचं झाकण बंद करून, कूलर न लावता घ्यावी. विंडोजमधली परीक्षा चालू असताना ग्राफिक्सचा एखादा जड प्रोग्रॅमही सोबत चालवावा, म्हणजे आतली हवा तापेल. हिवाळ्यात घेतलेल्या रॅमला एवढी उष्णता देता येत नाही. तेव्हा ज्या वेगाला पास झाली त्याच्या एक पायरी खाली वापरावी आणि टीरेफीला हात लावू नये. डीडीआर४चं एक्सएमपी सहसा १.३५ व्होल्टला असतं. पंख्याची सोय नसेल तर १.४च्या वर जाणं मला आपल्या हवेत शहाणपणाचं वाटत नाही. डीडीआर५मध्ये तर वीज नियंत्रित करणारी चिप पट्टीवरच बसवलेली असते, म्हणजे उष्णतेचं आणखी एक घर पट्टीवरच. शिवाय तिच्या चिपा एका बिटच्या चुका आतल्या आत दुरुस्त करतात, त्यामुळे कच्चा माल लवकर उघडा पडत नाही. तिची परीक्षा जास्त वेळ चालवावी लागते.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. तिच्यात ओल असते, बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. जिनिंगच्या दिवसांत कापसाचा बारीक तूस पंख्यात अडकून बसतो, तो महिन्यातून एकदा ब्लोअरने उडवावा.

भावाचं म्हणाल तर रॅमचा बाजार कायमच लहरी. जपानमधल्या निहामा इथे १९९३ साली एका रेझिनच्या कारखान्यात स्फोट झाला आणि जगभर भाव उडाले. तैवानच्या १९९९च्या भूकंपानंतर पुन्हा तेच. २००५मध्ये तर सॅमसंगने भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड कबूल केला. आताची तेजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांमुळे आली. चिपा तिकडे वळल्या, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवी रॅम महागली की जुनीला भाव येतो, आणि जुनीला भाव आला की नकलीला पाय फुटतात. म्हणून सध्या बिलाशिवाय घेऊ नका.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार बिलात मुदत दिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, माल मुंबईहून मागवलेला असला तरी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. दिवाळीत रॅम घेतली असेल तर पहिल्या आठवड्यातच मूळ वेगाची परीक्षा उरका, आणि मे महिन्यात एका दुपारी ती पुन्हा घ्या.