४८,६५,६०९ बरोबर आले का?

बुद्धिबळाचा पट मांडला की पांढऱ्याला पहिल्या खेपेस २० चाली करता येतात : प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्याची उत्तरे धरली की ४०० शक्यता होतात. पांढरा पुन्हा खेळला की ८,९०२, मग १,९७,२८१ आणि पाचव्या चालीअखेर ४८,६५,६०९. जगात कुठेही कोणी हौसेने बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहायला बसला की त्याची पहिली परीक्षा याच आकड्यांवर होते. या परीक्षेला ‘पर्फ्ट’ म्हणतात. इंजिन चांगले खेळते का, हा प्रश्न इथे येतच नाही. त्याला नियम पुरते कळले आहेत का, एवढेच पाहायचे.

यात चुकलेले उत्तरही बोलके असते. पाचव्या चालीला ४८,६५,३५१ आले, म्हणजे २५८ कमी पडले, तर जाणकार प्रोग्रॅम न उघडताच सांगतो की ‘एन पासाँ’ राहिले. दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारण्याचा हा नियम पाचव्या चालीला नेमका २५८ वेळा लागू होतो. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या, म्हणजे कॅसलिंगच्या, नियमातली चूक मात्र इतक्या लवकर सापडत नाही, कारण सुरुवातीच्या मांडणीतून सातव्या चालीआधी कॅसलिंग होऊच शकत नाही. म्हणून हौशी मंडळींनी मुद्दाम अवघड अशी एक मांडणी चलनात आणली. तिचे नाव ‘किवीपीट’. तिच्यात पहिल्याच चालीला ४८ पर्याय आहेत आणि दोन्ही बाजूंचे कॅसलिंग खुले आहे. पुढचे आकडे २,०३९ आणि ९७,८६२. हे आकडे कोणाच्या मालकीचे नाहीत. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे त्यांच्या आधारे एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात. मला या छंदातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

नियम जमले की खरी झुंज वेळेशी असते. एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने खेळून गाठता येते. तिचा हिशेब एकदा झाला असेल तर पुन्हा करण्यात अर्थ नाही. पण लाखो स्थितींमधून ती चटकन ओळखायची कशी? १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी यावर फार देखणा उपाय मांडला. मोहऱ्यांचे १२ प्रकार आणि ६४ घरे धरून ७६८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकेक यादृच्छिक संख्या नेमून द्यायची आणि पटावर असलेल्या मोहऱ्यांच्या संख्या ‘एक्सऑर’ या क्रियेने एकत्र करायच्या. जी संख्या येईल ती त्या मांडणीची खूण. पाळी कोणाची, कॅसलिंगचा हक्क उरला आहे का, यांसाठी आणखी थोड्या संख्या लागतात. एक्सऑरचा गुण असा की तीच संख्या दुसऱ्यांदा लावली की ती निघून जाते. त्यामुळे घोडा हलला की जुन्या घराची संख्या काढायची, नव्या घराची घालायची. बाकीच्या पटाला हात लावावा लागत नाही. झोब्रिस्ट यांचा स्वतःचा अभ्यास ‘गो’ या खेळावर होता. तरी त्यांची ही युक्ती आज जवळपास प्रत्येक बुद्धिबळ इंजिनात आहे.

अशा युक्त्या शोधनिबंधांत मिळत, पण बलाढ्य इंजिनांचे लेखक आपला प्रोग्रॅम सहसा झाकूनच ठेवत. अमेरिकेतील रॉबर्ट हायट यांनी ‘क्राफ्टी’ सर्वांसाठी खुले ठेवले, हा मोठा अपवाद. मग २००५ मध्ये फ्रान्सच्या फाबियां लेतूझे यांनी ‘फ्रूट २.१’ खुल्या परवान्याखाली दिले. त्याच वर्षी रेक्याविकच्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत दुसरे आलेले हे इंजिन वाचायला इतके स्वच्छ होते की एका पिढीने त्यावर हात बसवला. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांचे ‘ग्लाउरुंग’ही खुले होते. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी ते घेऊन ‘स्टॉकफिश’ सुरू केले. आज आपण फोनवर एखादा डाव पाहतो तेव्हा कडेला वरखाली होणारी काळी-पांढरी पट्टी बहुतेक वेळा याच इंजिनाच्या हिशेबावर चालते.

स्टॉकफिशच्या बळाचे मोठे कारण २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट यांनी उभारलेली ‘फिशटेस्ट’ ही चाचणी व्यवस्था आहे. एखाद्या सुधारणेने इंजिन २ एलो गुणांनी (खेळाडूचे बळ मोजण्याचे हे माप) बळकट झाले, तर जुन्या आवृत्तीविरुद्ध त्याला सरासरी ५०.२९ टक्के गुण मिळतात. म्हणजे शंभर डावांत अर्धा गुणही जास्त नाही. एवढा बारीक फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला हजारो डाव लागतात. ते डाव स्वयंसेवकांच्या संगणकांवर खेळवले जातात आणि कधी थांबायचे हे संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली पद्धत ठरवते. बहुतेक कल्पना नापास होतात. कल्पना कोणाची, याने निकालात काही फरक पडत नाही.

सर्वांत मोठी झेप मात्र जपानमधून आली, तीही ‘शोगी’ या तिकडच्या बुद्धिबळातून. २०१८ मध्ये यू नासू यांनी स्थितीचे मूल्यमापन करणारे आणि साध्या संगणकावरही वेगाने चालेल असे न्यूरल नेटवर्क मांडले. त्याचे मर्म झोब्रिस्ट यांच्या युक्तीशी जुळणारे आहे : एक मोहरा हलल्यावर सगळा हिशेब नव्याने न करता, जे बदलले तेवढेच वजा-बेरीज करून घ्यायचे. हिसायोरी नोदा यांनी ते स्टॉकफिशला जोडले आणि सप्टेंबर २०२० मध्ये बारावी आवृत्ती निघाली. माणसांनी वर्षानुवर्षे हाताने लिहिलेले मूल्यमापनाचे नियम २०२३ मध्ये काढूनच टाकले गेले. नेटवर्कच्या शिक्षणासाठी ‘लीला’ या दुसऱ्या खुल्या इंजिनाच्या डावांची सामग्री वापरली गेली. स्पर्धेत समोरासमोर बसणाऱ्या या दोन संघांपैकी एकाचे डाव घरी दुसऱ्याला शिकवतात.

खुले म्हणजे बेवारस मात्र नव्हे. स्टॉकफिशचा परवाना सांगतो की हा प्रोग्रॅम घ्या, बदला, विकाही. पण ज्याला द्याल त्याला तुमचे बदलही उघडे करून द्या. ही अट मोडल्याबद्दल स्टॉकफिशच्या लेखकांनी २०२१ मध्ये एका जर्मन कंपनीवर दावा लावला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. त्यांनी हा आग्रह धरला ते योग्यच केले.

आपल्याकडे बुद्धिबळ शिकणारी मुले गावोगावी आहेत, संगणक शाखेचे विद्यार्थीही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून स्वतःचे इंजिन जरूर लिहून पाहा. पट आणि मोहरे पडद्यावर काढण्यात वेळ घालवू नका; २००० मध्ये आलेल्या ‘यूसीआय’ या संवादपद्धतीमुळे तयार पटाला आपले इंजिन जोडता येते. दुसऱ्याची कल्पना घेतलीत तर तिच्या लेखकाचे नाव नोंदवा, आणि जमले की आपला प्रोग्रॅमही सगळ्यांना वाचायला द्या.