परदेशातून घरी पैसे पाठवताना

दापोली तालुक्यातील एक तरुण शारजा येथे वीजतंत्री म्हणून काम करतो, असे समजा. पगार झाला, की पहिल्या सुट्टीच्या दिवशी तो २,००० दिरहम घरी पाठवतो. घरी आई त्या पैशांची वाट पाहत असते. पतसंस्थेचा हप्ता, वाण्याची उधारी, धाकट्या बहिणीची फी हे सारे त्या एका रकमेवर अवलंबून असते. ज्या रस्त्यावर तो पैसे भरायला जातो, तेथे चलन-विनिमयाची दोन दुकाने आहेत. आखातातील आपली माणसे त्यांना नुसते ‘एक्स्चेंज’ म्हणतात. पहिल्याच्या दारावर ‘शुल्क शून्य’ अशी पाटी आहे. दुसरे दुकान २० दिरहम शुल्क घेते. कोपऱ्यावर एक बँक आहे. तिचे शुल्क ७५ दिरहम. तरुण साहजिकच पहिल्या दुकानात शिरतो. त्याची निवड योग्य आहे का, हे आपण पाहू या.

पैसे पाठवण्याचा खर्च दोन मार्गांनी घेतला जातो. एक उघड मार्ग शुल्काचा. तो पावतीवर छापलेला असतो. दुसरा मार्ग विनिमयदराचा. तो खर्च म्हणून पावतीवर कोठेही लिहिलेला नसतो. मोठ्या बँका आपापसांत ज्या दरांनी चलनाची खरेदी-विक्री करतात, त्या दोन दरांच्या मधल्या आकड्याला मध्यदर म्हणतात. हा दर सामान्य ग्राहकाच्या वाट्याला सहसा येत नाही. दुकानदार त्याहून काही पैसे कमी देतो आणि ती तफावत ही त्याची मिळकत असते. शुल्क न घेणारा मनुष्य धर्मादाय काम करीत नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

दिरहमचा मध्यदर काढणे अवघड नाही. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून आपले चलन अमेरिकी डॉलरशी बांधून ठेवले आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. म्हणून वर्तमानपत्रातील डॉलरच्या भावाला ३.६७२५ ने भागले, की दिरहमचा मध्यदर हाती येतो. डॉलर ८८ रुपये १४ पैसे असेल, तर दिरहम बरोबर २४ रुपये होतो. सौदी रियालही असाच बांधलेला आहे, तेथे ३.७५ रियालांचा एक डॉलर होतो.

आता हिशेब करू. पुढील दर उदाहरणासाठी घेतलेले आहेत. मध्यदर २४ रुपये असताना २,००० दिरहमांचे मूल्य ४८,००० रुपये होते. पहिले दुकान शुल्क घेत नाही, पण दर देते २३ रुपये ५० पैसे. घरी पोहोचतात ४७,००० रुपये. दुसरे दुकान २० दिरहम कापून घेते आणि उरलेल्या १,९८० दिरहमांना २३ रुपये ९० पैसे दर देते. घरी पोहोचतात ४७,३२२ रुपये. बँक ७५ दिरहम वजा करून १,९२५ दिरहमांना २३ रुपये ८० पैसे देते, म्हणजे ४५,८१५ रुपये. शुल्क शून्य असलेल्या दुकानात तरुणाचे १,००० रुपये गेले. वीस दिरहम मोजले असते तर ६७८ रुपये गेले असते.

म्हणजे शुल्क घेणारे दुकान नेहमीच स्वस्त, असे मात्र नाही. त्याच तरुणाने फक्त ५०० दिरहम पाठवले, तर चित्र उलटते. पहिल्या दुकानातून ११,७५० रुपये जातात, दुसऱ्यातून ११,४७२. याचे कारण सोपे आहे. शुल्क ठरावीक असते, रक्कम कितीही असो. दरातील तफावत रकमेबरोबर वाढत जाते. या उदाहरणात सुमारे १,२०० दिरहमांपाशी दोन्ही पारडी समान होतात. त्याहून लहान रकमेला पहिले दुकान बरे, मोठ्या रकमेला दुसरे. शाळेत त्रैराशिक शिकताना त्याचा उपयोग काय, असे अनेकांना वाटलेले असते. तो येथे आहे. खिडकीवर एकच प्रश्न विचारावा: ‘मी इतके दिरहम दिले, तर सर्व वजावट होऊन घरी नेमके किती रुपये पोहोचतील?’ प्रत्येक ठिकाणचे उत्तर कागदावर लिहून घेतले, की तुलना आपोआप होते.

तीन महिन्यांचे पैसे एकदम पाठवले, तर दोन वेळचे शुल्क वाचते. वरच्या हिशेबाने ९५६ रुपये. पण तोवर घरी हप्ता थकला, तर त्याचे व्याज या बचतीला गिळून टाकू शकते. रुपया आणखी घसरेल, मग जास्त रुपये मिळतील, या आशेने पैसे अडकवून ठेवणाऱ्यांचेही असेच होते.

एके काळी आखातात हा प्रश्नच नव्हता. तेथील अनेक राज्यांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रदेशासाठी वेगळा ‘गल्फ रुपी’ काढला, तोही आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्यानंतर ही राज्ये त्यापासून दूर होत गेली. दिरहम आला तो १९७३ मध्ये.

बँकेचा मार्ग महाग का पडतो, तेही समजून घेतले पाहिजे. बँका परदेशी व्यवहारांसाठी ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेचा वापर करतात. तीतून पैसे जात नाहीत, फक्त आदेश जातो. दोन्ही बँकांची एकमेकींकडे खाती नसतील, तर मध्ये तिसरी बँक येते आणि तीही आपले शुल्क कापते. ही कपात पाठवणाऱ्याला अनेकदा आधी कळतही नाही. मोठ्या रकमेला तिचे विशेष वाटत नाही. लहान रकमेला ती जाचते. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०० डॉलर पाठवण्याचा जगातील सरासरी खर्च २०२४ मध्ये सहा टक्क्यांहून अधिक होता. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. सिंगापूर येथील आपल्या लोकांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील ‘पेनाऊ’ आणि आपली ‘यूपीआय’ या यंत्रणा जोडल्या गेल्या, आणि लहान रकमा मोबाइलवरून थेट पाठवण्याची सोय झाली.

आणखी एक मार्ग आहे, आणि दर पाहिला तर तो अनेकदा सर्वांत स्वस्त असतो: हवाला. तिकडे कोणाला तरी दिरहम द्यायचे, इकडे दुसरा कोणी रुपये घरपोच आणून देतो. परंतु परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार हा व्यवहार बेकायदेशीर आहे. अधिकृत संस्थेला वगळून असे पैसे घेणारी भारतातील व्यक्तीही दोषी ठरते. म्हणजे शारजातल्या मुलाने वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांपायी दापोलीतल्या आईला, गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पैसे पोहोचलेच नाहीत, तर तक्रार करायला हाती पावती नसते.

अधिकृत मार्गाने पाठवताना खाते क्रमांक, खातेदाराचे बँकेतील नोंदीप्रमाणे नाव आणि शाखेचा अकरा अक्षरी आयएफएस संकेतांक यांची पडताळणी करावी. त्यातील पाचवे अक्षर शून्य असते. तेथे ‘ओ’ लिहिल्यामुळे अर्ज अडतो. पैसे भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर व्यवहार क्रमांक असतो. तो त्याच दिवशी घरी कळवावा. मग बँकेच्या खिडकीवर आईला ‘पैसे आले का हो?’ एवढेच विचारून परतावे लागत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने आणि नेमके किती रुपये निघाले, हे ती सांगू शकते.