एकाच पारड्यांत सगळीं मतें

जळगांव हें पूर्व खानदेशचें आणि धुळें हें पश्चिम खानदेशचें मुख्य ठाणें होतें, त्या काळची ही हकीकत आहे. सन १९३५ च्या कायद्यानें शिक्षण, शेतसारा, आरोग्य इत्यादि ५४ विषय प्रांतांकडे सोंपविले, आणि फेब्रुवारी १९३७ मध्यें मुंबई इलाख्याच्या १७५ जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली. नुकतेंच, डिसेंबर १९३६ मध्यें, पूर्व खानदेशांतील फैजपुरास काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें होतें. तरी मताचा हक्क मिळकतीवर वा शिक्षणावर अवलंबून असल्यामुळें बिनजमिनीचा, निरक्षर शेतमजूर बहुधा बाहेरच राहिला.

त्या निवडणुकींतील खरी मौज मत देण्याच्या रीतींत होती. एका मतदारसंघांतून अनेक प्रतिनिधी निवडावयाचे असत. जितक्या जागा तितकीं मतें, आणि मतदारानें तीं हवीं तर सगळीं एकालाच द्यावींत. चार जागा घेऊन हिशेब करून पाहावा. बहुसंख्य पक्षाचे मतदार ३,०००, दलित मतदार १,०००. पहिल्यांचीं १२,००० मतें चौघांत वांटलीं कीं प्रत्येकास ३,००० येतात. दुसऱ्यांनीं आपलीं ४,००० मतें एकाच्याच पदरांत टाकलीं, तर तोच सर्वांच्या पुढें निघतो. पुणें कराराप्रमाणें मुंबई इलाख्यांत दलितांस १५ राखीव जागा होत्या. परंतु संयुक्त मतदानांत त्या जागेवर कोण बसावें हें ठरविण्याची शक्ति त्यांच्या हातीं आली ती या रीतीमुळें. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव पूर्व खानदेशांतून निवडून आले.

सन १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रत्येक प्रौढास मत मिळालें, आणि ही केवढी मोठी गोष्ट! पण द्विसदस्य मतदारसंघांत एका उमेदवारास एकच मत देतां येईल असा नियम झाला. वरचाच हिशेब त्या नियमानें मांडला, तर १,००० मतदारांचा मनुष्य १,००० वरच थांबतो. राखीव जागा राहते, परंतु ती भरण्याचा कौल इतरांचा होतो.

सन १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य मतदारसंघही गेले. आतां जळगांव जिल्ह्यांतून ११ आणि धुळें जिल्ह्यांतून ५ आमदार निवडले जातात. त्यांपैकीं भुसावळची जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे, आणि तेथील प्रत्येक मतदारास, तो कोणत्याही जातीचा असो, मत एकच.