बालकाचा श्वास

तान्ह्या मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. रडणे हीच त्याची भाषा. आणि आजार फार बळावला की तेही रडणे क्षीण होते. म्हणूनच किरकिरणारे मूल एकाएकी गप्प पडून राहिले, तर त्याला स्वस्थ झोप लागली असे समजून निर्धास्त राहणे घातक ठरू शकते.

सर्दी-खोकला हा बालपणाचा नित्याचा सोबती. बहुधा तो आपोआप बरा होतो. परंतु कधी कधी त्याच्याच पाठोपाठ न्यूमोनिया येतो. खेड्यांतील आयाबाया त्याला ‘डबा’ म्हणतात आणि मुलाचे ‘पोट उडते’ असे सांगतात. त्यांचे निरीक्षण खरे असते; चुकतो तो पुढचा उपाय. पोटावर डाग दिल्याने कोवळ्या जीवाला जखम होते आणि मोलाचा वेळ वाया जातो.

साधा खोकला कोणता व न्यूमोनियाची शंका केव्हा घ्यावी, हे ठरविण्यास घरातले घड्याळ पुरते. मूल शांत असताना, ते रडत वा दूध पीत नसताना, अंगावरील कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. तान्ह्यांचा श्वास अनियमित असतो. म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० ही धोक्याची सीमा होय. ती गाठली गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना मोजता येत नाही त्यांचे काय? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने यावर तोड काढली. वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधन तेथील दाईंच्या हाती दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजायचा. गावातच असे निदान व औषधोपचार झाल्याने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, हे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले.

काही लक्षणे मात्र मोजणीचीही वाट पाहू देत नाहीत. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, अंगावर वा पाणी पिणे सुटणे, घेतलेले सारे उलटून पडणे, झटके येणे, हलविले तरी नीट जागे न होणे. यांपैकी एकही दिसले तर मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बालकाला ताप येणे किंवा त्याचे अंग गार पडणे, हेही तितकेच गंभीर होय.

मूल बोलत नाही, पण त्याचा श्वास बोलतो. तो ऐकण्यास एक मिनिट लागते. आणि त्या एका मिनिटावर कित्येकदा त्याचे सारे आयुष्य अवलंबून असते.