बधिरांध मुलांचे शिक्षण : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

ज्या बालकाच्या दृष्टीत आणि श्रवणात एकाच वेळी व्यंग आहे, त्याच्याविषयी आपल्या समाजात ज्या समजुती रूढ आहेत त्यांपैकी बहुतेकींचा उगम अपरिचयात आहे. कारण असे बालक सहसा घराबाहेर दिसत नाही, शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव आढळत नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याच्याविषयी ठाऊक असते ते एवढेच, की ‘त्याला काही कळत नाही’. परंतु समजूत कितीही सद्‌हेतूने बाळगलेली असो, तिच्या आधारावर आईबाप जेव्हा मुलाला घरी ठेवण्याचा निश्चय करतात किंवा मुख्याध्यापक जेव्हा प्रवेशाचा अर्ज परत करतात, तेव्हा तिची किंमत त्या मुलाला जन्मभर मोजावी लागते.

सर्वांत प्रचलित समजूत अशी, की बधिरांध म्हणजे ज्याला मुळीच दिसत नाही आणि मुळीच ऐकू येत नाही असा मनुष्य. वस्तुतः अशी मुले थोडी; बहुतेकांजवळ दृष्टीचा किंवा श्रवणाचा काही अंश शिल्लक असतो. कोणाला खिडकीतून येणाऱ्या उजेडाची दिशा कळते. कोणाला पांढऱ्या ताटातली गडद रंगाची वाटी दिसते, पण स्टीलच्या ताटातली स्टीलची वाटी दिसत नाही. कोणाला ढोलाचा ठोका जाणवतो, पण आईची हाक पोहोचत नाही. हा अंश नेमका किती आणि कोणत्या परिस्थितीत कामी येतो याचा शोध घेणे, आणि त्याला चष्म्याची, श्रवणयंत्राची, योग्य प्रकाशाची जोड देणे, येथूनच या मुलांच्या शिक्षणाला आरंभ होतो. मात्र या शिल्लक अंशामुळेच पुष्कळदा मुलाची उपेक्षाही होते. थोडे दिसते म्हणून त्याची गणना अंधांत होत नाही, मोठा आवाज कळतो म्हणून बधिरांत होत नाही, आणि दोन्ही दप्तरांतून त्याचे नाव निसटते. जागतिक बधिरांध महासंघाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा व्यक्तींचे प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के इतके अंदाजिले आहे. अंदाजाचा हा विस्तीर्ण पल्लाच नोंदीची अवस्था पुरेशी स्पष्ट करतो.

दुसरी समजूत शिक्षणखात्यातल्या सुशिक्षित माणसांतही आढळते, आणि म्हणून तिचा विचार अधिक सावकाश करणे अवश्य आहे. ती अशी, की बधिरता अधिक अंधता म्हणजे बधिरांधता. तेव्हा मुलाला अंधशाळेत घालावे किंवा मूकबधिर विद्यालयात घालावे, उरलेल्या उणिवेची तजवीज तेथील शिक्षक करतील. पण अंधशाळा चालते ती आवाजावर आणि बधिरांची शाळा चालते ती नजरेवर. अंध मुलाला शिक्षक जे दाखवू शकत नाही ते सांगतो. बधिर मुलाला जे सांगू शकत नाही ते दाखवतो. म्हणजे एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, ही दोन्हीकडची मूळ योजना, आणि बधिरांध मुलाच्या बाबतीत नेमका हाच आधार नाहीसा झालेला असतो. शिवाय दुरून येणारी माहिती आपल्याला न कळत शिकवीत असते, याचा आपण क्वचितच विचार करतो. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येतो, आई ताटे मांडताना दिसते, आणि जेवणाची वेळ झाली हे लहान मूल कोणी न सांगता ओळखते. बधिरांध मुलाच्या तोंडाशी मात्र घास एकाएकी येतो, अंगावर पाणी एकाएकी पडते, आणि त्याला कोणीतरी एकाएकी उचलून नेते. असे मूल अंग आखडून घेते किंवा किंचाळते, तेव्हा त्याला हट्टी म्हणणे हा मोठा अन्याय आहे. या मुलांना स्वतंत्र शिक्षणपद्धती हवी हे ओळखून १९७७ साली बेरोझ वच्छा यांनी मुंबईत बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था स्थापन केली, आणि आपल्या देशात या शिक्षणाचा पाया घातला.

ही मुले मतिमंदच असतात, हा तिसरा समज. काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती आहे की नाही हे ठरवण्यासाठी ज्या चाचण्या लावल्या जातात त्या ऐकून उत्तर देण्यावर किंवा पाहून ठोकळे जुळवण्यावर बेतलेल्या असल्यामुळे, त्यांवरून निघणारा निष्कर्ष बुद्धीपेक्षा इंद्रियांविषयीच अधिक सांगतो. या प्रश्नाचे उत्तर शतकाहून अधिक काळापूर्वी मिळालेले आहे. दुसऱ्या वर्षी तापाने दृष्टी आणि श्रवण गमावलेली लॉरा ब्रिजमन ही मुलगी १८३७ साली बॉस्टनच्या अंधशाळेत दाखल झाली, तेव्हा डॉ. सॅम्युअल हाउ यांनी चमचा, किल्ली, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिच्या हाती दिल्या. पुढे त्याच चिठ्ठ्या वेगळ्या करून तिला त्या योग्य वस्तूंवर ठेवायला लावल्या, मग अक्षरे सुटी करून शब्द जुळवायला लावले, आणि दीर्घ सरावानंतर, प्रत्येक वस्तूला नाव असते आणि ते आपण दुसऱ्याला सांगू शकतो, हे त्या मुलीला उमगले. तिच्याचकडून बोटांची लिपी शिकलेल्या ॲन सलिव्हन यांनी १८८७ साली हेलन केलरच्या तळहातावर शब्द लिहायला आरंभ केला.

हेलन केलरचे नाव आले म्हणजे चौथी समजूतही ओघाने आलीच: हा एक चमत्कार होता, आणि चमत्कार प्रत्येक घरी घडत नाहीत. त्या चरित्रातला जो भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही तोच येथे उपयोगाचा आहे. एकोणीस महिन्यांपर्यंत हेलनला दिसत आणि ऐकू येत होते. शिक्षिका येण्यापूर्वीच तिने घरच्यांशी व्यवहारासाठी पुष्कळ खुणा स्वतः रचल्या होत्या. आणि ॲन सलिव्हन एकदा आल्या त्या १९३६ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे एकूणपन्नास वर्षे, तिच्या सोबत राहिल्या. १९०४ साली हेलनने रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी मिळवली तेव्हा प्रत्येक व्याख्यान तिच्या हातावर उतरवणारी व्यक्ती शेजारी बसलेली होती. बुद्धी तिची होती, परिश्रम तिचे होते. पण जगाची बातमी तिच्यापर्यंत आणणारा एक शिक्षित माणूस अखंड उपलब्ध होता, आणि हा माणूस ही काही दैवी देणगी नसून करता येण्याजोगी व्यवस्था आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे अशा सहायकाचे प्रशिक्षण आणि काम यांना स्वतंत्र व्यवसायाचे स्वरूप आलेले आहे. आपल्याकडे सर्वसाधारण शाळांसाठी नेमलेला विशेष शिक्षक अनेक शाळांना वाटून दिलेला असतो. आठवड्यातून एखादा तास येणाऱ्या माणसाच्या हाती हे काम सोपवणे म्हणजे ते न करण्यासारखेच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेलनच्या कथेमुळे आणखी एक दंडक नकळत पडून गेला आहे, तो म्हणजे शिक्षण म्हणजे ब्रेल, आणि ब्रेल येत नसेल तर शिक्षण झाले नाही. पुष्कळ मुले ब्रेलपर्यंत पोहोचतात, काही पोहोचत नाहीत. पण ज्याला उद्या काय होणार हे कळते, ‘नको’ म्हणता येते, दोन गोष्टींतली एक निवडता येते, ते मूल शिकते आहे यात संशय नाही. नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी अशा मुलांसोबत काम करताना जी पद्धत रुजवली तिच्यात दिवसाचा क्रम हातांनी वाचता येतो. ओळीने ठेवलेल्या खणांपैकी पहिल्यात चमचा, दुसऱ्यात पंचाचा तुकडा, तिसऱ्यात झोपाळ्याच्या दोरीचा तुकडा. मूल चमचा उचलते, न्याहारीला जाते, परत येऊन तो चमचा ‘झाले’ या अर्थाच्या डब्यात टाकते, आणि पुढच्या खणाकडे हात नेते. काही महिन्यांनी एखाद्या सकाळी ते मूल पहिले दोन खण सोडून सरळ दोरी उचलते आणि शिक्षकाच्या हातात ठेवते. हे मूल ‘मला झोपाळ्यावर जायचे आहे’ असे बोलले, आणि शिक्षकाने ते बोलणे म्हणूनच स्वीकारले पाहिजे.

या कामात सद्‌हेतूने होणारी एक चूक नमूद करण्याजोगी आहे. मुलाचे मनगट धरून त्याच्याकडून कृती करवून घेण्याची आपल्याला सवय असते. पण त्याचे हात हेच त्याचे डोळे, तेच कान, आणि पुष्कळदा तेच मुख. ते जबरीने धरणे म्हणजे त्याला एकाच वेळी पाहण्यापासून आणि बोलण्यापासून रोखणे. अनुभवी शिक्षक आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतो, म्हणजे मुलाला शिक्षकाच्या हाताची हालचाल कळते आणि वाटेल तेव्हा आपला हात काढूनही घेता येतो.

हे व्यंग जन्मतःच येते असेही समजले जाते. गरोदरपणी मातेला झालेल्या रुबेलामुळे ते अनेकदा जन्मतः येते खरे, आणि त्यावर लस हा खात्रीचा प्रतिबंध आहे. परंतु अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मूल बहुधा श्रवणदोष घेऊन जन्मते आणि त्याची नजर पुढे हळूहळू क्षीण होते. प्रथम रात्री दिसेनासे होते, मग नजरेचा घेर आकसतो. मूकबधिर विद्यालयातला एखादा मुलगा संध्याकाळी अडखळू लागला, बाजूने केलेल्या खुणा त्याच्या लक्षात येईनाशा झाल्या, तर त्याला वेंधळा न म्हणता नेत्रतज्ज्ञाकडे नेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कारण नजर शाबूत असतानाच स्पर्शाने खुणा वाचण्याचा आणि ब्रेलचा सराव सुरू झाला, तर पुढचे संकट पुष्कळ अंशी सुसह्य होते.

राहता राहिली शेवटची समजूत, की कायद्यात या मुलांसाठी तरतूद नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत बधिरांधतेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १६ अन्वये अंध, बधिर किंवा उभयविध व्यंग असलेल्यांना त्यांना सर्वाधिक अनुकूल अशा भाषेत आणि संवादाच्या साधनांनी शिक्षण मिळाले पाहिजे. कलम ३१ अन्वये, लक्षणीय दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यानेही बहुविकलांग बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्याय दिलेला आहे. घरी शिकवणे हा पर्याय पालकांनी निवडायचा आहे. तो शाळेने प्रवेश नाकारण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

आपल्या गावात, वाडीत किंवा इमारतीत असे मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना एवढे अवश्य सांगा, की डोळे आणि कान या दोहोंची तपासणी एकत्र करून घ्यावी, दाखल्यावर बधिरांधतेची नोंद आग्रहाने मागावी, आणि शाळेत प्रवेशाचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच जवळ ठेवावी.