वर्गातील तंत्रज्ञान आणि प्राध्यापकांचा आत्मविश्वास

महाविद्यालयीन प्राध्यापकांना वर्गातील तंत्रज्ञान हाताळायला शिकवताना खरी अडचण यंत्राच्या गुंतागुंतीची नसते. भरल्या वर्गासमोर प्रोजेक्टरच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटले, तर इतक्या वर्षांत कमावलेला अधिकार डळमळेल, ही धास्ती त्याहून मोठी असते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची संकल्पना, म्हणजे विशिष्ट काम आपल्याला जमेल हा विश्वास, येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते हा विश्वास सर्वाधिक बळावतो तो काम स्वतःच्या हातून पार पडल्याने आणि त्याखालोखाल आपल्यासारख्या इतरांना ते करताना पाहिल्याने. नुसत्या प्रोत्साहनाचा परिणाम त्या मानाने तोकडा असतो.

म्हणून सभागृहात स्लाइड दाखवून उरकलेल्या कार्यशाळेपेक्षा प्रत्यक्ष वर्गखोलीत चार-पाच जणांच्या गटाने केलेला सराव अधिक फलदायी ठरतो. अशा सरावात एचडीएमआय केबल प्राध्यापकच जोडतात, विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून लॅपटॉपचे चित्र पडद्यावर आणतात, आणि प्रशिक्षकाने मुद्दाम केबल सैल केली किंवा प्रोजेक्टरचा इनपुट बदलला की बिघाड कोठे आहे हे क्रमाने शोधतात. या सर्व वेळात प्रशिक्षकाने माउसला हात न लावणे हे त्याच्या कामातील सर्वांत कठीण पथ्य होय.

यंत्र हाताखाली आले तरी ते कोणत्या आशयासाठी वापरायचे हा प्रश्न उरतोच. शिक्षण-संशोधक पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये विषयज्ञान, अध्यापनज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान यांच्या संयोगावर भर दिला, तो याच कारणासाठी. किंमत बदलताच मागणी किती बदलते हे स्प्रेडशीटवरील आलेखात दाखवता येते, असे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना उमगले, की साधन शिकण्याला प्रयोजन मिळते.

आयआयटी मुंबईच्या दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षण प्रकल्पात व्याख्याने मुंबईहून थेट प्रक्षेपित होत, प्रात्यक्षिके मात्र दूरस्थ केंद्रांवर, आधी तयार केलेल्या समन्वयकांच्या देखरेखीखाली चालत. मोठ्या प्रमाणावरील प्रशिक्षणातही जवळच्या मदतनिसाला पर्याय नव्हता.

इंटरॅक्टिव्ह पॅनलसाठी निधी खर्च करणाऱ्या महाविद्यालयांनी सरावासाठी मोकळे तास आणि सुरुवातीच्या तासांना हाकेच्या अंतरावर एक जाणकार सहकारी यांचीही तरतूद करावी, आणि प्रशिक्षणाचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून नव्हे, तर पुढील सत्रात किती प्राध्यापक मदतीविना ही साधने वापरतात यावरून ठरवावे.